खारूचं जाकीट

"दादा, ते जाकीट इकडे दे."

"कशाला?"

"पट्टे बघायचेत मला."

"पट्ट्यांना काय धाड भरलीय? मी बघतोय ना."

"पट्टे मी शिवलेत. तू काय बघणार त्यातलं?" आत्या म्हणाली आणि तिने सरळ जाकिटाला हात घातला.

दादाने जाकीट काखेत आणखी घट्ट धरलं. दोघंही पन्नाशीकडे झुकलेली माणसं, पण त्या क्षणी लहानपणी एका पतंगावरून भांडत असतील तशीच दिसत होती. बाकावर कृत्रिम पायाचं पाऊल घासत बसलेल्या चष्मेवाल्या कारागिराने मान वर केली, दोघांची तोंडं पाहिली आणि चहाला निघून गेला. शहाणा माणूस होता तो.

वर्कशॉप म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. एका टोकाला प्लास्टरचा ओला कोपरा, मधे लाकडी बाक आणि त्यांना जखडलेले, वस्तू आवळून धरायचे लोखंडी वाइस, दुसऱ्या टोकाला प्लास्टिक तापवायचा ओव्हन, आणि खिडकीपाशी आत्याचं जाड कापड न् चामडं शिवायचं मशीन. इथे हात व्हायचे, पाय व्हायचे, वाकड्या पावलांचे बूट व्हायचे. आणि वाढत्या वयात ज्या मुलांचा कणा वाकडा होत जातो, त्यांच्यासाठी प्लास्टिकची जाकिटं व्हायची. जाकिटं फक्त दादा करायचा. त्याला दादा म्हणणारी खरी त्याची धाकटी बहीण. ती इथे पट्टे शिवायला लागली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 'दादाऽ' अशी हाक मारायला लागली, तेव्हापासून तो सगळ्यांचाच दादा झाला. तिला आत्या म्हणणारी जगात एकच होती, दादाची मुलगी. पण वर्कशॉपने तेही नाव उचललं. फुकटची नाती जोडायला लोकांना आवडतं.

दादाच्या कामात सगळा खेळ उलटा असतो. आधी मुलाच्या धडावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, त्या वाळल्या की कापून टरफल काढायचं, त्या टरफलात प्लास्टर ओतायचं आणि मुलाच्या धडाचा पांढरा पुतळा तयार करायचा. मग कानस घ्यायची. जाकिटाने अंगाला जिथे दाबायला हवं, तिथे पुतळा खरवडून खोल करायचा. जिथे हाडाला जागा द्यायची, तिथे पुतळ्यावर प्लास्टर थापायचं. त्यावर तापलेलं प्लास्टिक बसवलं की जाकीट तयार. खरवडताना हात आखडता घेतला की जाकीट दाबत नाही, आणि जे दाबत नाही ते जाकीट नव्हे, कपडा. हे दादा नव्या लोकांना शिकवायचा. मुलं रडायची, आया कासावीस व्हायच्या, तेव्हा तो त्यांना शांतपणे सांगायचा, "रडू द्या. चार दिवस रडेल, मग सवय होईल. तुम्ही फक्त पट्टा सोडू नका." असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. त्याच्या आवाजात दया नसे आणि तिची गरजही नसे, असं त्याला वाटायचं.

मग घरातच ते आलं.

मुलगी तेरा वर्षांची. चालायला लागायच्या आधी ती कपाटावर चढली होती असं तिची आई सांगते, म्हणून तिचं नाव खारू पडलं. भिंत, झाड, गच्चीचा पाइप, काही तिच्या तावडीतून सुटायचं नाही. एके दिवशी बुटाची नाडी बांधायला ती खाली वाकली आणि दादाला पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली. दुसऱ्या कुठल्या बापाला ते वर्षभर कळलं नसतं. दादाला एका नजरेत कळलं. नाडी बांधून ती सरळ झाली, पळालीसुद्धा, आणि हा तिथेच उभा राहिला.

त्याने तिचं जाकीट स्वतः केलं. रंग तिने निवडला, पोपटी. अंघोळ सोडून दिवसरात्र घालायचं, वाढ थांबेपर्यंत. जाकीट घालून पहिला एक्स-रे फोटो काढला, तेव्हा कणा इतका छान सरळ आला होता की डॉक्टरबाईंनी तो इतरांना बोलावून दाखवला. ती गेल्या वर्षाची गोष्ट.

आज सकाळी दुसरा फोटो निघाला.

डॉक्टरबाईंच्या खोलीत चौघंही होती, दादा, खारूची आई, आत्या आणि खारू. पडद्यावर मणक्यांची माळ उजळली. कुणी काही सांगायची गरज नव्हती. माळ मधोमध एका बाजूला कलली होती, पहिल्यापेक्षा बरीच जास्त.

"जाकीट घालते ना ही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घालते," तिघंही एकदम म्हणाली.

"रोज? पूर्ण वेळ?"

"हो," पुन्हा तिघं एकदम.

 खारू मात्र आळीपाळीने तिघांच्या तोंडांकडे पाहत होती.

डॉक्टरबाई बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, तुमच्या कामाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? पण जाकीट एकदा नीट तपासा आणि दुपारपर्यंत मला सांगा. त्यात काही दोष निघाला तर मला बरंच वाटेल, कारण मग दुरुस्त करून पुढे जाता येईल. पण जाकीट व्यवस्थित असेल, पूर्ण वेळ घातलेलं असेल आणि तरी कणा वाकत असेल, तर मग जाकिटाचा उपयोग नाही. ऑपरेशन करावं लागेल. पाठीत सळ्या घालतो आपण. तेवढे मणके एकमेकांना जोडून टाकतो, मग तेवढी पाठ पुन्हा वाकत नाही."

"कधीच?" खारूने विचारलं.

"तेवढी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या मुलांशी खोटं बोलत नसत.

म्हणून दादा जाकीट काखेत मारून वर्कशॉपमध्ये आला होता. त्याला घाई होती. जाकिटाच्या आत, बरगड्यांच्या उंचवट्यावर जे जाड फोमचं पॅड असतं, ते त्याला बदलायचं होतं, कुणी बघायच्या आत. नवं पॅड चिकटवायचं आणि डॉक्टरबाईंना सांगायचं की जुनं वापरून बसलं होतं. तेवढंच. आणि नेमकी आत्या मागोमाग आली होती, आणि तिला म्हणे पट्टे बघायचे होते.

"सोड दादा."

"तू सोड."

दारात खारूची आई उभी होती. ती वर्कशॉपमध्ये सहसा येत नसे. प्लास्टरची धूळ नवऱ्याच्या उशीवर रोज दिसते तेवढी पुरे, म्हणायची. बाहेरच्या बोळात रुग्णांना चालायचा सराव द्यायला दोन समांतर दांडे बसवले होते. आज अंगावर जाकीट नव्हतं, म्हणून खारू त्या दांड्यांना लटकून झोके घेत होती. आईने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आत आली आणि दार लोटून घेतलं.

"अहो, मला काही सांगायचंय. ओरडू नका."

दादाने जाकिटावरची पकड ढिली केली नाही. "बोल."

"शाळेतून आली ना की मी काढून ठेवायचे तिचं. तुम्ही दोघं घरी यायच्या आत परत चढवायचे. आधी थोडाच वेळ, तेवढंच अंग मोकळं होईल म्हणून. मग ती झोपायला लागली तशीच. झोपलेल्या पोरीला उठवून ते कसं हो बांधायचं? माझ्या जिवावर यायचं. मग दुपारभर..." 

दादाचा आवाज चढला. खरं सांगायचं तर तिचं ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटकेच्या जोरावर तो ओरडला. "दुपारभर? अगं, जगातल्या सगळ्या आयांना मी हेच बजावत आलो, पट्टा सोडू नका म्हणून, आणि माझ्याच घरात? तुला कळत नाही? तुला फोटोत दिसलं नाही काय झालंय ते?"

"दिसलं," ती म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"तिला बोलू नकोस," आत्या म्हणाली. तिने जाकिटावरचा हात काढून घेतला होता. "रेघ मी सरकवली."

"कुठली रेघ?"

कुठली ते त्याला चांगलं ठाऊक होतं. जाकीट पाठीमागे पट्ट्यांनी आवळतात. पट्टा किती ओढायचा हे घरच्यांना कळावं म्हणून त्यावर काळ्या शाईने एक रेघ मारलेली असते. बक्कल त्या रेघेपर्यंत आलंच पाहिजे. ती रेघ दादा मारायचा आणि आत्या तिच्यावर धाग्याने टीप घालायची, म्हणजे पुसायला नको.

"एकदा माझ्या मशीनपाशी येऊन बसली. म्हणाली, आत्या, श्वास घेतला की टोचतं गं. तू पट्टा बदल ना, बाबाला सांगू नको. मी नवा पट्टा लावला. रेघ बोटभर अलीकडे घेतली." आत्याने बोट आडवं धरून ते अंतर दाखवलं. "मग काय, एकदा सोडलं ते सोडलंच. पुढच्या महिन्यात आणखी बोटभर."

दादा जाकीट मांडीवर घेऊन बाकावर बसला. दोघींनी आपापलं सांगून टाकलं होतं. आता त्याने फक्त गप्प राहायचं होतं आणि तो सुटला असता. बायकोने वेळ चोरला, बहिणीने पट्टा सैल केला, झालं, जाकिटाचं काम बिघडायला एवढं पुरेसं होतं. पॅडबद्दल कुणी विचारणारही नव्हतं. तो गप्पच बसला.  चांगला माणूस होता, पण बसला.

आत्याने जाकीट त्याच्या मांडीवरून उचललं. या वेळी त्याने धरून ठेवलं नाही. तिने सवयीने आत हात घातला. सगळं आयुष्य कापडाच्या, चामड्याच्या, फोमच्या जाडीत गेलेलं. तिची बोटं त्या पॅडवर आली आणि थांबली. तिने बोटं पुन्हा एकदा फिरवली.

"दादा, हे कुणी घासलं?"

त्याने बाकावरची धूळ तळव्याने एका बाजूला सारली.

"दादा."

"मीच," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. घासायच्या मशीनवर धरलं न् अर्धं उतरवलं. तिची कातडी लाल झाली होती गं तिथे. मी बघितली. दुसऱ्यांची रोज बघतो. दुसऱ्यांची लाल झाली की मी म्हणतो, चांगलंय, दाब बरोबर बसतोय. तिची बघितली आणि..." त्याने आपले हात उलटे करून पाहिले. नखांच्या कडांना पांढरं होतं, ते कधीच निघायचं नाही.

"म्हणजे मी इतका वेळ ओरडा खाल्ला तो कशासाठी?" खारूची आई म्हणाली.

आत्याने जाकीट बाकावर ठेवलं. पोपटी रंग प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत फारच उठून दिसत होता. "तिघांनी मिळून पोरीला घातलं काय मग वर्षभर? डबा?" ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. ते फार वाईट हसू होतं. खारूची आईही हसली, मग तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळली.

दार ढकलून खारू आत आली. बोळातून तिला किती ऐकू गेलं होतं देव जाणे, बहुतेक सगळंच.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तिघांना वेगवेगळं. आईला म्हटलं बाबाला सांगू नको, आत्याला म्हटलं आईला सांगू नको. बाबाला म्हटलं कुणालाच सांगू नको."

"तुझी काही चूक नाही, राणी," आत्या म्हणाली.

"माहितेय माझी चूक नाही!" खारू एवढ्या जोरात ओरडली की बाकावरचं पत्र्याचं घमेलं झणझणलं. "मला दुखत होतं, मी रडणारच ना? मी लहान आहे! मला वाटलं, एक तरी नाही म्हणेल. आई हो म्हणाली तर आत्या नाही म्हणेल. आत्या हो म्हणाली तर बाबा तर नाहीच म्हणेल, बाबा सगळ्यांना नाही म्हणतो. तू पण हो म्हणालास."

दादाला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने शेवटचं वाक्य हळू म्हटलं होतं, आणि ते जास्त लागलं.

तो उठला. जाकीट घेऊन एकटाच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेला. दुसऱ्या रुग्णाला बाहेर जाऊ दिलं, मग सगळं सांगितलं, वेळ, पट्टा, पॅड, तिन्ही. बायकोचं आणि बहिणीचं सांगताना 'आमच्याकडून' म्हणाला, आपलं सांगताना 'मी'. डॉक्टरबाईंनी जाकीट हातात घेतलं, आतून चाचपलं आणि बाजूला ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावतील म्हणून तो तयारी करून आला होता, ती वाया गेली.

"जेवढं वाकलं तेवढं आता परत यायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण ती अजून वाढतेय, म्हणजे अजून थोडा वेळ आहे. नवं माप घ्या. पहिल्यापेक्षा घट्ट करावं लागेल, तुम्हाला माहितेय. पुढच्या फोटोत जिथल्या तिथे थांबलं तर ऑपरेशन टळेल. नाही थांबलं तर मात्र मी वाट बघणार नाही."

"हे दुसऱ्या कुणाला तरी करू द्या डॉक्टर."

"कोण करणार?"

चष्मेवाला पाय उत्तम करायचा, पण कण्याच्या वाटेला तो कधी गेलाच नव्हता. दुसऱ्या इस्पितळात नंबर लावला तर तो कधी लागेल सांगता येत नव्हतं.

"माझा हात चालायचा नाही," दादा म्हणाला. "तुम्ही बघितलंत ना काय झालं ते."

"दादा, ती रोज वाढतेय. तिच्या हाडांना तुमच्या लाजेशी काही देणंघेणं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली.

त्याच दुपारी माप घेतलं. प्लास्टरच्या कोपऱ्यात लोखंडी चौकट होती. वरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून खारू उभी राहिली. अंगावर बिनबाह्यांची घट्ट विणीची बनियन. दादाने त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या, कमरेच्या हाडाची कड, बरगड्यांची खालची कमान, उंचवटा. ही पेन्सिल ओली झाली की निळी होते आणि तिच्या खुणा प्लास्टरच्या आतल्या अंगावर उमटतात. आत्या गुंडाळ्या पाण्यात बुडवून, पिळून त्याच्या हातात देत होती. खारूची आई कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिला जा म्हटलं तर गेली नाही.

पट्ट्या गुंडाळून झाल्या. आता खरं काम होतं. प्लास्टर ओलं आहे तोवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरायचं, एक हात उंचवट्यावर, दुसरा विरुद्ध बाजूला कमरेच्या वर, आणि ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. प्लास्टर आवळताना गरम होत जातं. तळव्यांना ऊब लागायला लागली. त्या उबेखाली तिच्या बरगड्या श्वासाबरोबर वर येत होत्या आणि याच्या हाताला अडत होत्या. ती लहानपणी त्याच्या छातीवर झोपायची, तेव्हा अशीच श्वासाने हलायची. त्याला ते नको तेव्हा आठवलं.

"बाबा," खारू म्हणाली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"काय गं? दुखतंय?"

"दुखतंय. पण तुझा हात ढिला पडतोय."

खरंच पडत होता. त्याने दाबलं. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. स्टुलावरून आई उठली आणि आत्याने ओल्या हातानेच तिला खाली बसवलं.

"आणि ऐका," खारू दातावर दात धरून म्हणाली, "मी घरी गेल्यावर परत रडेन. मला माहितेय. हाका पण मारेन. कुणी यायचं नाही. तिघांपैकी कुणीच नाही. शपथ घ्या."

"घेतली," आत्या म्हणाली.

"आई?"

"घेतली बाई."

"बाबा?"

"हलू नकोस, प्लास्टर हलेल," दादा म्हणाला. आणि मग, तळवे आणखी दाबत, "घेतली."

पुतळा दुसऱ्या दिवशी वाळला. प्लास्टर ओततानाच मधोमध रोवलेल्या पाइपाला धरून दादाने तो वाइसमध्ये आवळला. बिनडोक्याचा, बिनहातांचा पांढरा पुतळा, त्याच्यावर निळ्या रेघा, आणि तरी तो कुणाचा आहे हे ओळखायला त्याला रेघा लागल्या नसत्या. त्याने कानस घेतली. चष्मेवाला त्या दिवशी स्वतःचं काम सोडून दोनदा ओव्हन पुसत बसला. माणसाला एकटं सोडू नये एवढंच त्याला कळलं होतं. प्लास्टर भुरभुरत खाली पडत राहिलं. दादा खरवडायचा, थांबायचा, तळवा ठेवून बघायचा, पुन्हा खरवडायचा. एकदा त्याने कानस खाली ठेवली. आत्याचं मशीन थांबलं. त्याने पुन्हा उचलली तेव्हा ते चालू झालं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण ऐकत होती.

मग प्लास्टिकचा तक्ता ओव्हनमध्ये गेला आणि तापून इतका मऊ झाला की जाड हातमोज्यांत कापडासारखा लोंबायला लागला. चष्मेवाल्याने एका बाजूने धरला, दादाने दुसऱ्या. पुतळ्यावर पांघरला, कडा दाबल्या, आणि पंपाने मधली हवा ओढून घेतली. प्लास्टिक पुतळ्याच्या प्रत्येक खळग्यात चिकटून बसलं. या वेळी खारूने रंग निवडला नव्हता. जो तक्ता हाताला लागला तो घेतला, पांढरा.

जाकीट घालून बघितलं तेव्हा खारूच्या ओठांचा रंग उतरला.  दादाने पट्टा ओढला, रेघ मारली, आणि आत्याने तिच्यावर एकाच्या जागी दोन टिपा घातल्या.

पहिला दिवस शाळेत कसा गेला ते तिने सांगितलं नाही. घरी आली, खोलीत गेली, दार लावलं. दादा आणि आत्या त्या दिवशी लवकर घरी आले होते. का आलात असं खारूच्या आईने विचारलं नाही. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसली. चहा केला होता, तो कुणी प्यायला नव्हता.

दिवे लागायच्या सुमाराला आतून हाक आली.

"आई."

खारूची आई हलली. आत्याने टेबलावरून हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"आई, ये ना. खूप लागतंय. आई गं."

 मग, "आत्या! आत्या, तू तरी." आता खारूच्या आईने आत्याचा हात धरला. दोन बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, जशी नदीच्या पाण्यात उतरलेली माणसं धरतात, आणि दादा त्या दोघींकडे बघत होता. त्याला धरायला कुणी उरलं नव्हतं.

"बाबा."

त्याने डोळे मिटले.

"बाबा, मी तेव्हा बोलले होते ते सोड. आता खरंच बोलावतेय. बाबा, खरंच."

एवढी वर्षं दादा जे लोकांना सांगत आला होता, त्यातला एकही शब्द त्याला त्या क्षणी आठवेना. चार दिवस रडेल, मग काय? कोणी सांगितलं त्याला हे? कुठल्या मुलाने? आयांना त्याने दार बंद करून घ्यायला सांगितलं होतं आणि स्वतः मात्र कधीही अशा दाराच्या या बाजूला बसला नव्हता.

तो उठला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांच्याने त्याला अडववलं नाही. खुर्ची सरकवून तो बाहेर गेला, बोळकांडीतून तिच्या खोलीपर्यंत गेला. कडीवर हात ठेवला. कडी थंड होती. आत ती थांबून ऐकत होती. त्याला ते कळलं, कारण रडणं थांबलं होतं.

त्याने हात काढून घेतला. दाराकडे पाठ करून तो हळूहळू खाली बसला, गुडघे वर घेऊन, जमिनीवर, दाराला टेकून.

आतून पावलं दारापाशी आली. ती खाली बसू शकत नव्हती, ते जाकीट तसं बसू देत नाही, आणि ते तसंच केलेलं होतं. दाराच्या फळीवर, त्याच्या डोक्याच्या बरंच वर, टणक प्लास्टिक टेकल्याचा आवाज झाला.

"बाबा, तू आहेस तिथे?"

"आहे," दादा म्हणाला.

आणि तो उठला नाही.